झोका धरणं

किलिंडिनी बंदरातल्या सात नंबरच्या क्रेनला
दोनशे सोळा पायऱ्या.
लिफ्ट आहे. जानेवारीपासून ती बंद आहे.
झुहुरा पहाटे चढते, पाठीला पिशवी:
दोन महामरी, नारळाच्या रसातली तूर,
दूध काढायचा पंप, बर्फ.

वरच्या केबिनची जमीन काचेची.
आपल्याच दोन पावलांमधून खाली बघायचं,
चाळीस मीटर खाली जहाज, जहाजात पेट्या,
पेट्यांत कुणाच्या फरश्या, कुणाचा तांदूळ.
जीव टांगणीला लागतो म्हणतात,
इथे तो रीतसर पगारावर टांगलेला,
तासाला पंचवीस पेट्या.

साडेदहाला पान्हा येतो.
तो जहाज बघत नाही.
खाडीपलीकडे कद्झोच्या ओट्यावर
पाच महिन्यांची रहमा आत्ता रडली असेल का?
कांगा खांद्यावरून ओढून घेत ती पंप लावते.
रेडिओवर खालून मुसा: "सात नंबर, थांबलीस का?"
"वारा," ती म्हणते. "कुसी वाढलाय."
अगदीच खोटं नाही, वारा थोडा असतोच.
बारा मिनिटं पंप बकरीसारखा रवंथ करतो
आणि खाली माणसं माना वर करून
आभाळात वारा शोधत राहतात.

मार्चमध्ये कंपनीनं पत्रक वाटलं: तोल सांभाळा.
चित्रात एक बाई मांडी घालून,
एका तळव्यावर बाळ, दुसऱ्यावर लॅपटॉप,
डोळे मिटलेले.
दोन्ही हातांत वजन, आणि डोळे मिटून?
हिला वर चढवलं तर पहिल्याच तासाला
जहाजाला भोक पाडेल.
झुहुरानं पत्रकाची चौपदरी घडी घातली,
खडखडणाऱ्या खिडकीच्या फटीत खोचली.
तेव्हापासून खिडकी वाजत नाही.
म्हणजे उपयोग झाला.

तोल तिला ओडुओरनं शिकवला होता,
पहिल्याच आठवड्यात, पेटी घंटेसारखी डोलत असताना:
मागे ओढू नकोस.
जड वस्तू ओढली की आणखी चवताळते.
ती जाते तिकडे तूही जा, थोडंसंच.
बरोबर तिच्या डोक्यावर पोच,
मग ती आपोआप गप्प होते.
ओडुओरला सात मुलं.
पण हे तो घरी शिकला असेल असं वाटत नाही.

रहमाचा ताप, पाळ्यांचा बदललेला तक्ता,
सासूचा फोन, पोर बाटलीवर वाढतंय म्हणून,
कंबरेच्या डाव्या अंगाची ती कळ,
जिच्यासाठी डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलंय,
कधी, ते सांगितलेलं नाही.
कधी कधी ती पोचते डोक्यावर.
कधी नाही पोचत.
गेल्या मंगळवारी तापलेल्या पोरीला कद्झोच्या मांडीवर ठेवून
ती कामावर आली,
आणि दिवसभरात एकही पेटी डगमगली नाही.
हात इतके स्थिर होते
की त्याचंच रात्री तिला रडू आलं.

संध्याकाळी लिकोनीची फेरीबोट.
हातगाड्या, कोंबड्या, शाळेची पोरं, माणसांवर माणसं.
इथे घाई करून उपयोग नाही,
पळून पळून बोटीच्या टोकापर्यंतच पळणार.
झुहुरा बूट काढते.
दिवसभर तापलेला पत्रा तळव्यांना कोमट लागतो.
कंबर कठड्याला टेकवून ती उभी राहते,
जे पाणी सकाळपासून वरून पाहिलं
त्याच्या अगदी शेजारी.
इथे कुणाला तिच्याकडून काही नको असतं.

एकदा बोट मध्येच बंद पडली.
लोक शिव्या देत होते,
एक माणूस मोबाइलवर कुणाला तरी शपथा घालत होता.
घरी मूल होतं, भुकेलं असणार,
कद्झोला बाजारात जायचं होतं,
हे सगळं झुहुराला माहीत होतं.
पिशवीतला बर्फ वितळून
तिच्या टाचेवर ठिबकत होता.
दूध अजून तासभर टिकेल, तिनं हिशेब केला,
आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं
इंजिनाला म्हणाली,
आणखी पाच मिनिटं.